मायबाखची मोटार



मी भिवंडीचा. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमागांची खटखट आठवते आणि अलीकडे गोदामं व कंटेनरच्या रांगा. अशा गावचा माणूस, त्यातून कविता करणारा, तो मोटारीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. वाटणं बरोबर आहे. मला मोटारीतलं काही कळत नाही. गाडी चालवता येत नाही. टेम्पोत पुढे बसलो तर ड्रायव्हर मला दोनदा सांगतो, ''सर, त्या दांड्याला गुडघा लावू नका.'' तरीही आज एका मोटारीविषयी बोलणार आहे. कारण त्या मोटारीनं माझी एक जुनी चूक मला दाखवून दिली.

आधी थोडं घरचं सांगतो. आमचे अब्बा मागाच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग लावून देणारा माणूस. धोटा अडकला, धागा वारंवार तुटू लागला, की शेठ आधी जॉबरला हाक मारतो. अब्बांना वाचता जेमतेम येई. पण चोवीस माग एकदम चालू असताना त्यातला नेमका कुठला कण्हतोय, हे ते दारात उभे राहून सांगत. त्यांचा हा कान माझ्या धाकट्या भावाला मिळाला. मला पुस्तकांचा नाद लागला. मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. भावानं नववीत शाळा सोडली आणि तो कल्याण नाक्याकडच्या एका गॅरेजात लागला.

माझ्या लग्नाच्या बोलणीसाठी मुलीकडची मंडळी आली होती. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, ''धाकटे काय करतात?'' मी म्हणालो, ''त्याचा स्पेअर पार्टचा धंदा आहे.'' मेकॅनिक हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. भाऊ माझ्या मागेच सरबताचा ट्रे घेऊन उभा होता. त्यानं ते ऐकलं. काही बोलला नाही. ट्रे पुढे केला आणि आत गेला. त्यानंतर इतकी वर्षं गेली, त्यानं तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

आता मोटारीकडे येतो. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास एका कविसंमेलनासाठी मी कोल्हापूरला गेलो होतो. सोबतीला भाऊ होता. संमेलन आटोपलं आणि यजमान म्हणाले, आलाच आहात तर दसरा बघूनच जा. म्हणून आम्ही दुपारीच दसरा चौकात जाऊन उभे राहिलो.

ज्यांनी हा सोहळा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. त्यांनी १९०६ साली उभी केलेली मुस्लिम बोर्डिंगची संस्थाही तिथेच आहे. विजयादशमीला देवीच्या पालख्या येतात, छत्रपती घराण्यातली मंडळी येतात, शमीपूजन होतं, बंदुकीच्या फैरी झडतात आणि मग सोनं लुटायला एकच झुंबड उडते. छत्रपती येतात ते एका जुन्या, भल्या लांब मोटारीतून. ती मोटार दिसली की चौकातली पोरं ओरडतात, ''मेबॅक आली, मेबॅक आली!''

लांबलचक बॉनेट, ताटाएवढे दिवे, आणि चाल अशी की हत्तीनं मिरवणुकीत पावलं टाकावीत. मी माझ्या सवयीप्रमाणे भावाला काहीतरी सांगायला गेलो. त्यानं माझं मनगट धरलं. ''भाई, जरा थांबा. ऐकू द्या.'' एवढ्या गोंगाटात त्यानं डोळे मिटले. गाडी समोरून गेल्यावर म्हणाला, ''म्हातारं झालंय, पण आजारी नाही. कुणीतरी जिवापाड सांभाळलंय.''

शेजारी फेटा बांधलेले एक आजोबा होते. भावानं त्यांना विचारलं, ''काका, ही कुणी बनवली?''

''राजाराम म्हाराजांची हाय,'' ते अभिमानानं म्हणाले. ''जर्मनीची गाडी.''

''कुणाची ते कळलं हो. बनवली कुणी?''

''आता ते मला कसं म्हाईत असंल!'' आजोबा हसले.

मग भाऊ माझ्याकडे वळला. ''भाई, तुम्ही शिकलेले. कुणी बनवली?''

मला माहीत नव्हतं. राजाराम महाराज म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव, १९२२ ते १९४० ही त्यांची कारकीर्द, एवढं मी सांगू शकलो. म्हणजे पुन्हा मालकाबद्दलच. बनवणाऱ्याबद्दल एक अक्षरही नाही. भिवंडीला परतल्यावर मी ते शोधायला बसलो. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपण मेबॅक म्हणतो, पण जर्मन उच्चार आहे मायबाख. मराठी कानाला त्यात 'मायबाप' ऐकू येतं. आणि योगायोग असा, की ज्या माणसाचं हे आडनाव, त्याला लहानपणापासून ना माय होती ना बाप. विल्हेल्म मायबाख. जन्म १८४६, गाव हाइलब्रॉन. वडील सुतार. दहा वर्षांचा होईपर्यंत आई गेली, वडील गेले, आणि पाच भाऊ उघड्यावर पडले. विल्हेल्मला रॉइटलिंगेन गावातल्या एका संस्थेनं घेतलं. गुस्टाव्ह वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकानं ती काढली होती. नाव ब्रुडरहाउस, म्हणजे बंधुगृह. तिथे अनाथांना नुसतं जेवू घालत नसत, हाताला काम शिकवत. संस्थेचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. पोराचा हात चित्रकलेत चांगला, म्हणून त्याला यंत्रांचे आराखडे काढायला बसवलं. संध्याकाळी तो गावातल्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकायला जाई.

हे वाचताना मला पुन्हा दसरा चौक दिसला. एका राजानं परक्यांच्या पोरांसाठी बांधलेली बोर्डिंगं, आणि त्यांच्यासमोरून जाणारी, परक्यांनी वाढवलेल्या एका पोराच्या नावाची मोटार. ती गर्दी गाडीकडे बघत होती, आणि मीही त्यातलाच.

या कारखान्यात व्यवस्थापक म्हणून एक तरुण इंजिनिअर आला, गॉटलीब डाइमलर. त्यानं या मुलातला गुण हेरला. पुढे डाइमलर जिथे गेला तिथे त्यानं मायबाखला सोबत नेलं. निकोलाउस ऑटोच्या डॉइट्स इथल्या इंजिनाच्या कारखान्यात दोघं दहा वर्षं होते. १८८२ साली तिथून बाहेर पडून दोघांनी कानस्टाट गावी डाइमलरच्या बागेतल्या काचघरात स्वतःचं वर्कशॉप थाटलं. रात्रंदिवस आत काहीतरी ठोकाठोक चाले. माळ्याला संशय आला की हे खोटी नाणी पाडतात. त्यानं पोलिसांना खबर दिली. पोलिसांनी आत जाऊन पाहिलं तर हत्यारं आणि इंजिनाचे सुटे भाग! १८८५ साली त्याच वर्कशॉपमधून लाकडी सांगाड्याची, पेट्रोलवर धावणारी दुचाकी बाहेर पडली. आज रस्त्यावरून धावणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलची ती पणजी.

१८९३ मध्ये मायबाखनं एक छोटी वस्तू शोधली. त्याआधी इंजिनाला पेट्रोलची वाफ कशीबशी पुरवत. मायबाखनं पेट्रोल बारीक छिद्रातून हवेच्या झोतात फवारलं, अत्तराच्या फवाऱ्यासारखं. हा फवाऱ्याचा कार्ब्युरेटर. पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगातल्या गाड्या आणि स्कूटर याच तत्त्वावर चालल्या. हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो हातातलं काम टाकून उभा राहिला. ''म्हणजे मी पहिल्यांदा खोलला तो कार्ब्युरेटर... हा त्याचा?''

१९०० साल. डाइमलर वारला. एमिल येलिनेक नावाच्या बड्या गिऱ्हाइकाला वेगवान गाडी हवी होती. मायबाखनं ती रचली. बसकी, लांब, पस्तीस अश्वशक्तीची. पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर. त्याआधीच्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्या होत्या. मोटारीला मोटारीचं रूप आलं ते या गाडीनं. १९०१ साली नीसच्या शर्यतींत तिनं सगळ्यांना मागे टाकलं. फ्रेंच लोक मायबाखला रचनाकारांचा राजा म्हणू लागले.

आणि गाडीचं नाव? येलिनेकच्या मुलीचं नाव होतं मर्सिडीज. तेच गाडीला दिलं. कंपनीवर नाव डाइमलरचं, गाडीवर गिऱ्हाइकाच्या मुलीचं. ज्यानं ती कागदावर रेघ रेघ ओढून जन्माला घातली, त्याचं नाव कुठेच नाही. पुढे कंपनीतल्या लोकांशी त्याचं पटेना. १९०७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तो तिथून बाहेर पडला.

माझ्या हाती कविता आल्यापासून नाव छापून येण्याची सवय मला लागली आहे. चार ओळींखालीही आम्ही नाव लावतो. मला तेव्हा अब्बा आठवले. भिवंडीत विणलेलं कापड कुठल्या कुठल्या बाजारांत गेलं असेल. त्याच्या काठावर कुणा जॉबरचं नाव मी कधी पाहिलेलं नाही.

पण मायबाखची गोष्ट इथे संपत नाही. त्याचा मुलगा कार्ल हाही इंजिनिअर. काउंट झेपेलिन तेव्हा अवाढव्य हवाई जहाजं बांधत होता, त्यांना भरवशाची इंजिनं हवी होती. १९०९ साली झेपेलिनच्या मदतीनं बापलेकांनी कारखाना काढला. मुलगा त्याचा प्रमुख झाला. पुढे तो कारखाना बोडेन सरोवराच्या काठी फ्रिडरिक्सहाफेनला गेला. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि व्हर्सायच्या तहानं तिथे विमानांची इंजिनं बनवायला बंदी आली. आता कारखान्यानं करायचं काय? मोटारींची इंजिनं करून पाहिली. स्पायकर या डच कंपनीनं मोठी ऑर्डर दिली, पण ठरलेला माल काही तिला उचलता आला नाही. आमच्या भिवंडीत हे दुखणं घरोघरचं. तागे विणून तयार, आणि व्यापारी म्हणतो, आता नको. कार्लनं ठरवलं, इंजिन आपलं तर गाडीही आपलीच.

१९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती गाडी उभी राहिली. तिच्यावर एकात एक गुंफलेले दोन 'एम', म्हणजे मायबाख मोटोरेनबाउ. विल्हेल्म मायबाख तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. जगाला मोटार देऊन वीस वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा एका मोटारीवर त्याचं नाव आलं. ते त्याच्या मुलानं लावलं.

या गाड्या बनत कशा, तेही ऐकण्यासारखं आहे. कारखाना देई तो फक्त सांगाडा, इंजिन आणि चाकं. गिऱ्हाईक ते घेऊन बॉडी बांधणाऱ्याकडे जाई. बहुतेक जण राव्हेन्सबुर्गच्या श्पोन यांच्याकडे जात. कापड घेऊन शिंप्याकडे जावं तसंच. तिथे लाकडाच्या चौकटीवर हातानं ठोकून पत्रा चढवत. मालकाच्या आवडीप्रमाणे बैठक, टप, दिवे. त्यामुळे दोन मायबाख सहसा एकसारख्या नसत. १९३० च्या सुमारास आली बारा सिलिंडरची 'झेपेलिन', आणि तिच्यातली सर्वांत मोठी आठ लिटरची, दोनशे अश्वशक्तीची. वीस वर्षांत, म्हणजे १९४१ पर्यंत, सगळ्या मिळून गाड्या झाल्या सुमारे अठराशे. एवढी वाहनं आमच्या अंजूर फाट्यावर एका सकाळी अडकून पडत असतील! त्या अठराशेंतली एक कोल्हापूरला आली आणि आजवर दसऱ्याला चौकात येते. विल्हेल्म मायबाखनं यातलं फारसं पाहिलं नाही. १९२९ च्या डिसेंबरात तो वारला.

आता एक गोष्ट सांगायची नाही असं ठरवलं तर सोपं होईल, पण ते बरं नव्हे. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यानं हिटलरच्या फौजेला रणगाड्यांची इंजिनं पुरवली. टायगर, पँथर ही नावं युद्धपटांत तुम्ही ऐकली असतील. त्यांच्या पोटात मायबाख होतं. १९४४ च्या बॉम्बवर्षावात फ्रिडरिक्सहाफेन उद्ध्वस्त झालं. हात कसबी असला म्हणजे तो कुणासाठी राबतो हा प्रश्न सुटत नाही. ज्या बंधुगृहानं एका पोरक्या मुलाला वाढवलं, त्याचं नाव शेवटी कशावर बसलं, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दोन दिवस उघडलं नाही.

युद्धानंतर कारखाना पुन्हा उभा राहिला. रेल्वेसाठी, जहाजांसाठी डिझेल इंजिनं होऊ लागली. मोटार मात्र पुन्हा झाली नाही. १९६० साली कार्ल वारला आणि त्याच वर्षी डाइमलर-बेन्झनं कंपनीचा मोठा हिस्सा घेतला. म्हणजे बाप जिथून बाहेर पडला, तिथेच मुलाचा कारखाना गेला. २००२ मध्ये मर्सिडीजवाल्यांनी हे नाव पुन्हा काढलं आणि राजेशाही गाड्या बाजारात आणल्या. २००५ मध्ये टायर तपासण्यासाठी म्हणून एकच एक गाडी बनवली, एक्सेलेरो. सातशे अश्वशक्तीची, ताशी साडेतीनशे किलोमीटर गाठणारी. तशी दुसरी नाहीच. पण खप बेताचाच राहिला. सुमारे तीन हजार गाड्या गेल्या आणि दहा वर्षांत दुकान मिटलं. आता हे नाव मर्सिडीजला जोडून लावतात. २०२२ पासून मर्सिडीज-मायबाखची एक गाडी आपल्या पुण्याजवळ चाकणला जोडली जाऊ लागली. म्हणजे कोल्हापूरच्या दसऱ्यात जे नाव एका राजवाड्यातून येत होतं, ते आपल्याच जिल्ह्यांतल्या पोरांच्या हातांखालून जाऊ लागलं. अमेरिकेतले रॅप गायक तेच नाव पैशाची खूण म्हणून गातात. ते एका सुताराच्या पोरक्या मुलाचं आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

हे सगळं मी भावाला त्याच्या गॅरेजात बसून सांगितलं. एका बैठकीत नाही. जसं वाचत गेलो तसं संध्याकाळी जाऊन सांगत गेलो. तो ट्रकखाली आडवा, मी बाहेर स्टुलावर. तो ऐकतोय की नाही कळत नसे. पण मध्येच आतून प्रश्न येई. ''म्हणजे त्याला कंपनीतून काढला?'' मी म्हटलं, ''काढला नाही, निघून गेला.'' थोड्या वेळानं, ''मुलानं नाव लावलं ना पण?'' मी म्हटलं, ''लावलं.'' ''मग बरं.''

त्या दिवशी मी धीर केला. म्हटलं, ''तुला आठवतं? माझ्या लग्नाच्या वेळी ते लोक आले होते, तू सरबत घेऊन उभा होतास...''

ट्रकखालून काही आवाज आला नाही. मग एक काळा हात बाहेर आला. ''भाई, तेरा नंबरचा पाना द्या.''

मी दिला. तो आत गेला आणि लगेच परत बाहेर आला. ''हा बारा आहे. बी.ए. कसे झालात?''

एवढंच बोलणं झालं. पण मला वाटतं, झालं.

पुढे माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली. मुलाकडचे लोक घरी आले. मी एकेकाची ओळख करून देत होतो. भावापाशी आलो आणि म्हणालो, ''हा माझा धाकटा भाऊ. मेकॅनिक आहे. आमच्या अब्बांचा कान याच्याकडे आला.'' मुलाचे मामा लगेच सरसावून बसले. म्हणाले, ''अरे वा, मग आमची गाडी बघाल का? येताना सारखी मिसिंग करत होती.''

बैठक तशीच राहिली. भाऊ नव्या कुर्त्याच्या बाह्या वर सारून अंगणात गेला आणि त्यानं बॉनेट उघडलं. अंधार पडत आला होता. मी बॅटरी धरून त्याच्या शेजारी उभा राहिलो. तो म्हणाला, ''भाई, जरा खाली धरा.'' मी खाली धरली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)